दोन नावांच्या काचा

परभणी, १० नोव्हेंबर १९९३

चि. आबासाहेब यास,

इथं 'अनेक उत्तम आशीर्वाद' लिहायची रीत आहे. ते तू समजून घे नाहीतर सोडून दे, मला फरक पडत नाही. अक्षर ओळखून पाकीट चुलीत टाकायच्या बेतात असशील तर त्याआधी एवढीच ओळ वाच: दैवशालाच्या मांडीतली गाठ परत आली आहे, आणि ती साधी चरबीची गाठ नाही.

आता बस आणि पुढचं वाच. हवं तर दाराला कडी लाव. बहिणीचं पत्र वाचताना कुणी बघितलं तर गावात तुझी केवढी फजिती.

परवा सोमवारी आमच्या लॅबमध्ये मानवतकडची एक तरणी बाई आली. मी इथं अठरा वर्षं काय करते ते तू कधी विचारलं नाहीस. 'लोकांचं रक्त-लघवी चिवडते' असं तू सोयऱ्यांना सांगतोस, ते माझ्यापर्यंत येतं. तर ऐक. डॉक्टर गाठीत सुई घालून थोडं ओढून घेतात, ते मी काचेवर पसरते, वाळवते, रंगवते आणि डॉक्टरांच्या आधी मायक्रोस्कोपखाली बघते. सही त्यांची असते.

चिठ्ठीवर नाव होतं गीता भुजंगराव, वय बावीस. बरोबर सासू. उजव्या मांडीत खोल, मोसंबीएवढी गाठ, दुखत नाही. मी पडद्याआड होते, चेहरा दिसला नाही, बोलणं ऐकू आलं. डॉक्टरांनी विचारलं, "याआधी कधी गाठ झाली होती?" ती नाही म्हणाली. "मग हा व्रण कसला?" तर सासू म्हणाली, "ल्हानपनी बैलानं शिंग मारलंय."

सुईतून भेंडीच्या रसासारखं चिकट पाणी आलं. काच रंगवली आणि बघितली. त्या चिकटात बारीक रक्तवाहिन्यांच्या फांद्या होत्या, ओल्या चिखलावरून कोंबडी चालून गेल्यावर पावलं उमटतात तशा. त्यांच्या अध्येमध्ये लहान लहान पेशी, एकसारख्या, गरीब तोंडाच्या. तू पंचायतीत बसतोस तशाच सभ्य. पण धीर धरून काच सरकवत गेलं की एखादी पेशी अशी सापडते की तिच्या पोटात चरबीचा थेंब बसलेला आणि त्यानं तिचं केंद्र एका कडेला चेपलेलं. याला लायपोसार्कोमा म्हणतात. चरबीचा कॅन्सर. लाखात एखाद्याला होतो. औरंगाबादला शिकत असताना मला ती काच एकदा दाखवली होती. नोकरीत फक्त एकदा अशी काच हातात आलेली होती.

म्हणून मी जुनी पेटी उघडली. नव्वद सालची काच, नंबर चारशे बारा. तिच्यावर नाव दैवशाला आबासाहेब. गंगाखेडच्या कुठल्या दवाखान्यातून तू त्या काचा पाकिटात घालून आणल्या होत्यास. तेव्हाचा रिपोर्ट 'चरबीची साधी गाठ' असा गेला. सही डॉक्टरांची आहे.

काल त्या सासूसुना रिपोर्ट न्यायला आल्या. बाकावर बसल्या होत्या. मी दारात उभी राहून नेहमीच्या आवाजात हाक मारली, "दैवशाला." सून चटकन वळली. मग तिच्या लक्षात आलं की वळायला नको होतं, आणि ती पदर सारखा करत बसली. सासू बाहेरच्या फळ्यावर काहीतरी बघत होती.

आबा, ते नाव तिच्या कानात मी सांगितलं. पाळण्याखाली वाकून, आत्याचा मान म्हणून. तुम्ही लोकांनी लग्नात ते बदललं. ताटात तांदूळ पसरले, जावयानं अंगठीनं नवं नाव लिहिलं, झालं. त्या विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरून पंधरा वर्षं झाली, अजून तुमच्यासारखे लोक अडून बसलेत; आणि बाईचं नाव बदलायला तुम्हाला पाच मिनिटं पुरतात. मला पत्रिकासुद्धा नव्हती. सात वर्षांची असताना पाहिलेली पोर बावीस वर्षांची होऊन समोर आली, ती दुसऱ्या नावानं.

तिनं मला मागच्या मोरीपाशी गाठलं. "आत्या, सांगू नका. त्यांला माहीत न्हाई. नांदवनार न्हाईत मला."

म्हणजे तू लग्नाआधी गाठ कापून घेतलीस, टाके वाळू दिलेस, आणि पोरीला बैलाचं शिंग शिकवून सासरी धाडलंस. वा रे वाघ.

आमचे डॉक्टर म्हणतात, आधी गाठ काढलेली नसेल तर एवढं मोठं नाव मी कागदावर लिहिणार नाही. दोन्ही काचा शेजारी ठेवल्या की त्यांना लिहावंच लागेल. पण त्या दोन्ही एकाच बाईच्या आहेत हे कुणीतरी सांगायला पाहिजे. मी तिला शब्द दिलाय की मी सांगणार नाही, तिचा बाप येऊन सांगेल. कुठल्या भरवशावर दिला, माझं मला कळत नाही.

मानवतला जा. जावयासमोर एक वाक्य बोल: 'लग्नाआधी हिची गाठ काढली होती.' एवढंच. मग तिला मुंबईला न्यायचं. उशीर केलास तर पोर जाईल.

नर्मदा

परभणी, २४ नोव्हेंबर १९९३

आबासाहेब,

तुझं कार्ड पोचलं. 'आमचे घरात कोणासही गाठ नव्हती व नाही. पुन्हा पत्र पाठवू नये.' खाली सही, सहीखाली ग्रामपंचायतीचा शिक्का. भाऊ बहिणीला कार्ड लिहितो आणि त्यावर शिक्का मारतो. अठरा वर्षं नोकरी करून मी असला येडपट कागद पाहिला नव्हता.

तू का घाबरलास ते मला ठाऊक आहे. धाकट्या कोकिळासाठी गंगाखेडला स्थळ बघायलास. थोरलीच्या मांडीत असलं काही निघालं तर लोक म्हणतील, यांच्या रक्तातच आहे. म्हणून एका पोरीचं लग्न जमवायला दुसरीला मरू द्यायचं. हे असं सरळ लिहिलं की वाईट दिसतं ना? तू मनात याला 'घराची इज्जत' म्हणतोस, तेव्हा बरं दिसत असेल.

या गाठी आईबापाकडून लेकरांना जात नाहीत, हेही लिहून ठेवते. डॉक्टरांना दोनदा विचारलं. कोकिळाला काही होणार नाही. तुझ्यासारखा बाप आहे तेवढंच तिचं दुखणं.

भाऊबीज झाली. मी काही तुझी वाट बघत नव्हते. पंधरा वर्षांत ती सवय मोडली. तुला आठवतंय का, मी सांगते. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून पेटलं तेव्हा आपल्या गावात दलित वस्तीतली तेरा घरं जळाली. आमच्या दवाखान्यात झाडलोट करणारी लक्ष्मीबाई त्यातल्याच एका घरची. ती दोन लेकरं घेऊन रातोरात परभणीला माझ्या खोलीवर आली. अकरा दिवस राहिली. एका ताटात जेवलो आम्ही, कारण माझ्याकडं ताट एकच मोठं होतं. तू बाराव्या दिवशी आलास. आत आला नाहीस, उंबऱ्याबाहेरूनच म्हणालास, "घराचं नाव घालवलंस. आमाला मेलीस." तू काडी लावली नव्हतीस, हे मी मान्य करते. तू त्या दिवशी घरात बसून होतास. तुझं आयुष्यभराचं कसब तेच आहे, घरात बसून राहणं.

आता कामाचं. मी शब्द मोडला. डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं की चारशे बारा नंबरची काच याच बाईची आहे. त्यांनी दोन्ही काचा पाहिल्या, घाम पुसला आणि नवीन रिपोर्ट लिहिला: मुंबईला तातडीनं न्यावे. तो पोस्टानं मानवतला गेला. पण रिपोर्ट इंग्रजीत. तिथं कुणा कंपाउंडरनं वाचून सांगितलं, "लायपो म्हंजे चरबी. चरबीची गाठ हाय." झालं. आता घरात ठरलंय की कापसाची वेचणी उरकली की तिथल्या तिथं कापून घ्यायची. त्याआधी पलीकडच्या वस्तीवरच्या कुणा म्हाताऱ्याकडून तापलेल्या सळईचा डाग देऊन बघायचा. म्हणे डागानं गाठ विरते.

हे मला दैवशालानं कळवलं, शेजारच्या मास्तरणीकडून चार ओळी लिहून घेऊन. शेवटी विचारलंय, "बापू येनार हायेत का?"

काय लिहू तिला? तुझा शिक्का पाठवून देऊ?

डाग दिला तर ते मांस सडेल. वर वर कापलं तर आत राहिलेलं दुपटीनं वाढेल. वेचणी संपायला महिना आहे. तुला मी आठ दिवस देते. नाहीतर मी जाते. मग मी काय बोलेन, कुणापुढं बोलेन, त्याची जिम्मेदारी माझ्यावर नाही.

नर्मदा

मानवत एसटी स्टँड, ५ डिसेंबर १९९३

आबा,

परभणीची गाडी चुकली, पुढची दीड तासानं आहे. बाकावर बसून लिहितेय, अक्षर लागलं तर वाच.

तू आला नाहीस. मी येणार म्हटलं होतं, आले. भांडायच्या तयारीनं आले होते. काय काय बोलायचं ते एसटीत मनात जुळवलं होतं: आमची पोर फसवून दिलेली नाही, तिला घालवून दिलंत तर कोर्टात खेचीन, वगैरे. पर्समध्ये दोन्ही काचा रुमालात गुंडाळून आणल्या होत्या, जणू त्या लोकांना त्यातलं काही कळणार होतं. माझी पण अक्कल बघ.

अंगणात कापूस पडलेला. जावई भुजंग बोंडातला कचरा निवडत बसलेला, शांत माणूस आहे. दैवशालानं मला बघितलं आणि आत पळाली. सासू बायनाबाईनं पाणी दिलं. मी पाणी प्यायच्या आधीच बोलून टाकलं, म्हटलं नंतर जीभ वळायची नाही. "लग्नाआधी हिची गाठ काढली होती. शिंगाचं खोटं आहे. मी हिची आत्या."

बायनाबाईनं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "आमाला काय आंधळं समजलाव का बाई?"

तिनं बोटानं हवेत सरळ रेघ ओढली.

"शिंगाचा वन असा दोरी लावल्यावानी सरळ ऱ्हातो व्हय? दोन्हीकून टाक्याचे ठिपके हायेत. हळद उतरवून न्हाऊ घातलं त्या दिशीच बघितलं म्या. भुजंगाला बी म्हाईत हाय."

"मग डॉक्टरांपुढं शिंगाचं का सांगितलंत?"

"तिनं आमाला तेच सांगितलं व्हतं. म्हनलं लेकरू भेलंय, तिची झाकली मूठ आपुन कशाला उघडावी. तिनं जे सांगितलं तेच म्या चार लोकात सांगत आले." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "लपवलं ते तिच्या बापानं. तिचा काय कसूर?"

आबा, मला त्या बाईचा राग आला. इतक्या तयारीनं जुळवलेलं सगळं वाया गेलं म्हणून राग आला. अडीच वर्षं तुझी पोर भीतीनं वाळत होती, सासू तिची लाज राखायला खोटं बोलत होती, नवरा गप्प होता, आणि ज्या गोष्टीसाठी हे चाललं होतं ती त्या घरात सगळ्यांना माहीत होती. एकानं तोंड उघडलं असतं तर संपलं असतं.

मी मग रिपोर्ट समजावून सांगितला. डाग दिलेला नाही, देवाची कृपा, म्हातारा तापानं पडला होता. कॅन्सर शब्द ऐकल्यावर भुजंग उठून गोठ्याकडं गेला, तोंड धुऊन परत आला. म्हणाला, "आमी तर लय साधं समजायलो व्हतो." बायनाबाईनं एवढंच विचारलं, "मुंबईत कुनी वळखीचं हाय का?" मी म्हटलं, मी येते. "मग वेचनी राहू द्या," ती भुजंगाला म्हणाली. "कापूस काय पळून चाललाय?"

निघताना दैवशाला बाहेर आली. माझ्या हाताला धरून उभी राहिली. माझ्या हातात तिचा हात होता आणि मी तुझ्यावर चिडलेली होते, दुसरं काही सुचत नव्हतं.

तुला शिव्या देत पंधरा वर्षं काढली, पण आज पहिल्यांदा तुझी कीव आली. ज्या घराच्या भीतीनं तू शिक्का मारून कार्ड पाठवलंस, त्या घरातली म्हातारी तुझ्याहून शहाणी निघाली.

गाडी लागली.

न.

मुंबई, १६ जानेवारी १९९४

आबा,

आम्ही चौघं इथं आलो त्याला महिना होत आला. मी, भुजंग, बायनाबाई आणि ती. हॉस्पिटलजवळ धर्मशाळेत एक खोली मिळाली आहे. बायनाबाईला मुंबईचं पाणी पचत नाही, पण ती परत जात नाही. "सून एकटी टाकून कसं जाऊ?" म्हणते.

परवा संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं. तुला रेडिओवर कळलंच असेल. जुनं नाव ठेवून पुढं नवं लावलंय. इथल्या कागदांवर आपल्या पोरीचंही तसंच झालं. कारकुनानं दोन रिपोर्ट, दोन नावं बघून वैतागून लिहिलं, 'दैवशाला ऊर्फ गीता'. वॉर्डात सगळे दैवशाला म्हणतात. भुजंगही म्हणायला लागलाय, त्याचं त्याला कळलेलं नाही.

इथल्या मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही काचा दोन मायक्रोस्कोपखाली ठेवल्या. त्यांनी मला बोलावलं, मलाही भिंगातून बघायला सांगितलं. चांगलं बोलले. मग नव्वदची काच सरकवत म्हणाले, "ही तर अगदी उघड आहे. ज्यानं बघितली त्याला दिसलं कसं नाही?" मी म्हटलं, छोटं गाव आहे साहेब. त्यांनी मान हलवली.

मग त्यांनी सगळं सांगितलं. नव्वद साली भोवतालचं मांस घेऊन गाठ काढली असती, किरणांची लाईट दिली असती, तर पाय राहिला असता. तेव्हा रिपोर्टवर चरबी लिहिलेलं होतं म्हणून तिकडच्या सर्जननं वरच्या वर गाठ काढून बादलीत टाकली. आता तिनं मुख्य रक्तवाहिनीला वेढा घातलाय. छातीचा फोटो स्वच्छ आहे, जीव वाचेल असं म्हणतात. पाय खुब्यातून काढावा लागेल. मंगळवारी.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं आहे. तू इतके दिवस माझ्या शिव्या वाचल्यास, आता हे वाच.

नव्वदच्या ऑगस्टात काच बघणारी मी होते. नाव वाचलं तेव्हाच ही तुझी पोर हे मला कळलं होतं. कोंबडीची पावलं मला दिसली. चरबीचा थेंब पोटात घेतलेली पेशीही दिसली, एक नाही, चार. डॉक्टरांना घाई होती, त्यांनी विचारलं, "नर्मदाबाई, चरबीच ना?" मी म्हटलं, "मला जरा वेगळं वाटतं." त्यांनी ओझरतं बघितलं आणि सही केली. तिथंपर्यंत चूक त्यांची होती.

मी एका चिठ्ठीवर लिहिलं, 'रिपोर्टवर जाऊ नको. औरंगाबादला दाखव. लवकर.' चिठ्ठी आणि पाकीट घेऊन मी स्वतः बाहेर आले. तू बाकावर बसला होतास. मी पाकीट पुढं केलं. तू मला पाहिलंस आणि दोन्ही हात मागं घेतलेस. मग आमच्या लिंबाजी कंपाउंडरला हाक मारलीस, "तू दे रे इकडं." माझ्या हातचं पाकीट तुला विटाळाचं होतं, लक्ष्मीबाईची लेकरं माझ्या ताटात जेवली म्हणून.

मी पाकीट लिंबाजीकडं दिलं. चिठ्ठी मुठीतच राहिली.

मनात म्हटलं, मर.

पोरगी मनात आली नाही माझ्या, फक्त तू आलास. आत जाऊन मी चहा प्याले आणि मला बरं वाटलं, हे लिहायलाच हवं, कारण ते खरं आहे. दुसऱ्या दिवशी कार्ड टाकता आलं असतं. तिसऱ्या दिवशीही. रोज म्हटलं, त्याचं तो बघेल. मग कामात विसरले, असं मी स्वतःला सांगत आले. विसरले नव्हते. नोव्हेंबरात नवीन काच दिसल्यावर पेटी शोधावी लागली नाही, नंबर मला पाठ होता.

काल दैवशालानं मला विचारलं. तिला मोठ्या डॉक्टरांचं बोलणं भुजंगाकडून कळलं होतं. "आत्या, तवा काच तुमीच बघितली व्हती का?" मी हो म्हटलं. "तवा तुमाला काई दिसलं न्हवतं?"

मी म्हटलं, "नाही गं."

तिनं माझा हात स्वतःच्या गालाला लावला. म्हणाली, "म्या तेच म्हनलं ह्यांना. दिसलं असतं तर आत्यानं सांगितल्याबिगर ठिवलंच नसतं."

मानवतला जाऊन एक वाक्य बोलता आलं नाही म्हणून मी तुला भित्रा म्हटलं, शिक्क्यावरून हसले. मला तिच्या कॉटशेजारी बसून तीन शब्द बोलता आले नाहीत. आता हे दुसरं कुणाला माहीत नाही, तुलाच माहीत आहे. तिला सांगायचं की नाही ते तू ठरव. तू सांगितलंस तर मी नाही म्हणणार नाही.

पण आधी ये. पाय जायच्या आत तिला बाप बघायचाय, रोज दाराकडं बघते. माझं तोंड बघायचं नसेल तर मी खाली औषधाच्या खिडकीपाशी थांबेन, तू वर जा. भुजंगाच्या हातून हे पत्र आजच पाठवते, तो रात्रीच्या गाडीनं तुला घ्यायला येतोय. मंगळवारी सकाळी आठला तिला आत नेणार आहेत.

नर्मदा